पाठमोरा हंजला आणि त्याचा चित्रकार

एक दहा वर्षांचा मुलगा. अनवाणी पाय, ठिगळे लावलेले कपडे, साळिंदराच्या काट्यांसारखे ताठ केस आणि पाठीमागे बांधलेले हात. तो नेहमी आपल्याकडे पाठ करून उभा असतो. हे चित्र आपण टी-शर्टवर, भिंतींवर, मोबाईलच्या स्टेटसवर अनेकदा पाहिले आहे. घरातली मुले विचारतात, "हा तोंड का दाखवत नाही?" आणि आपण "पॅलेस्टाईनचे चित्र आहे, बेटा" एवढे सांगून मोकळे होतो. पण ज्या माणसाने हा मुलगा कागदावर आणला, त्याची हकीगत मुलांना बसवून सांगावी अशी आहे. म्हणून या महिन्यात ती आम्ही सांगत आहोत.

शजरा नावाचे गाव

नाजी अल-अली यांचा जन्म १९३८ च्या सुमारास गॅलिली भागातल्या अश-शजरा या गावी झाला. अरबीत शजरा म्हणजे झाड. आपल्याकडे घराण्याच्या वंशावळीलाही शजरा म्हणतात. १९४८ मध्ये हे गाव सुटले. लाखो पॅलेस्टिनींबरोबर नाजींचे कुटुंबही बेघर झाले आणि दक्षिण लेबनॉनमध्ये सैदा शहराजवळच्या ऐन अल-हिल्वे या निर्वासितांच्या छावणीत येऊन राहिले. तेव्हा नाजी दहा वर्षांचे होते. हे वय लक्षात ठेवावे, कारण पुढे सारी चित्रे याच वयापाशी येऊन थांबतात.

घरात पैसा नव्हता, म्हणून मोटार दुरुस्तीचे काम शिकले. रोजीरोटीसाठी काही काळ सौदी अरबस्तानात राहिले. चित्रकला शिकायला बैरूतच्या अकादमीत नाव घातले, पण राजकीय हालचालींमुळे वारंवार अटक होत असल्याने ते शिक्षण अर्धवट राहिले. मग तुरुंगाची भिंत हाच त्यांचा फळा झाला आणि बाहेर आल्यावर छावणीच्या भिंती. प्रसिद्ध लेखक गस्सान कनफानी यांनी छावणीत त्यांची चित्रे पाहिली आणि १९६१ मध्ये 'अल-हुर्रिया' या नियतकालिकात छापली. तेथून त्यांचा मार्ग ठरला.

कडू वृंदावन

१९६३ मध्ये नाजी कुवेतला गेले आणि वर्तमानपत्री व्यंगचित्रकार म्हणून उभे राहिले. १९६९ मध्ये तिथल्या 'अस-सियासा' या दैनिकात हंजला पहिल्यांदा अवतरला. अरबीत बोलताना त्याला हंदला असेही म्हणतात. हजरत हंजला (रजि.) या सहाबींमुळे हे नाव आपल्याला परके नाही. पण नाजींच्या मनात होते ते हंजल हे फळ. आपल्याकडे त्यालाच इंद्रावण किंवा कडू वृंदावन म्हणतात. माळरानावर, वाळूत पसरणारा हा वेल. मुळे खोल आणि फळ जिभेवर ठेववणार नाही इतके कडू. निर्वासित मुलाला याहून नेमके नाव कोणते मिळणार?

सुरुवातीला हंजलाचा चेहरा दिसत असे. १९७३ च्या युद्धानंतर त्याने पाठ फिरवली आणि हात मागे बांधले. बाहेरून लादलेले तोडगे आपल्याला मान्य नाहीत, असा त्याचा अर्थ नाजी सांगत. हंजला मायदेशी परतेपर्यंत दहा वर्षांचाच राहील, असेही ते म्हणत.

आमच्या पिढीने वर्तमानपत्रात रोज पाहिलेला आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' इथे आठवतो. चौकड्यांचा कोट आणि धोतर घातलेला तो गृहस्थही सारे पाहतो आणि गप्प राहतो. फरक एवढाच की, त्याचा चेहरा आपल्याला दिसतो. हंजला मात्र आपल्यापुढे पाठमोरा उभा असल्यामुळे त्याची नजर आणि वाचकाची नजर एकाच दिशेला जाते. तो जे पाहतो, तेच आपल्यालाही पाहावे लागते.

दोन्हीकडे बोट

१९७४ मध्ये नाजी बैरूतच्या 'अस-सफीर' दैनिकात आले. बहुतेक चित्रे काळ्या शाईची, शब्द अगदी थोडे, कित्येकदा एकही नाही. अक्षरओळख नसलेल्या छावणीतल्या माणसालाही ती कळत. १९८२ मध्ये इस्रायली फौजांनी बैरूतला वेढा घातला, तेव्हा त्यांनी काढलेले एक चित्र आजही लोकांच्या लक्षात आहे: तोफेने फुटलेल्या भिंतीच्या भगदाडात उभी असलेली एक स्त्री आणि तिच्यापुढे फूल धरून उभा असलेला हंजला. शहर जळत असताना तो बैरूतला सुप्रभात म्हणत आहे.

पण नाजींची लेखणी एकाच बाजूला चालत नव्हती. कब्जा करणाऱ्यांवर ते जेवढे तुटून पडत, तेवढेच अरब राज्यकर्त्यांवर आणि पॅलेस्टिनी नेतृत्वावरही. गरिबांच्या नावावर मोठे झालेले पुढारी त्यांच्या चित्रांत गुबगुबीत, बिनमानेचे गोळे होऊन येत. शत्रूंपाठोपाठ आपलेही लोक दुखावले. धमक्या आल्या. १९८३ मध्ये ते पुन्हा कुवेतला, 'अल-कबस' दैनिकात गेले. १९८५ मध्ये तो देशही सोडावा लागला आणि ते लंडनला आले. तिथेही चित्रांची धार बोथट झाली नाही.

२२ जुलै १९८७ रोजी लंडनमधील 'अल-कबस'च्या कार्यालयाबाहेर भर दिवसा त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. पाच आठवडे ते बेशुद्ध होते. २९ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. संशय इस्रायली गुप्तहेर खात्यावरही घेतला गेला आणि पॅलेस्टिनी संघटनेवरही. २०१७ मध्ये लंडन पोलिसांनी तपास पुन्हा हाती घेतला, पण या खुनासाठी कोणालाही शिक्षा झालेली नाही. मरहूम नाजींची इच्छा ऐन अल-हिल्वेमध्ये वालिदांच्या शेजारी दफन होण्याची होती. तीही अपुरी राहिली. लंडनबाहेरच्या ब्रुकवुड कब्रस्तानात ते विसावले आहेत. पुढच्या वर्षी जगभरच्या वर्तमानपत्र प्रकाशकांच्या संघटनेने 'गोल्डन पेन ऑफ फ्रीडम' हा सन्मान त्यांना मरणोत्तर दिला.

आपल्या घरात

व्यंगचित्र म्हटले की, आपल्यापैकी अनेकांच्या मनात गेल्या काही वर्षांतल्या कडू आठवणी जाग्या होतात. श्रद्धेची टवाळी करणारी चित्रे आपण पाहिली आहेत आणि ती जखम खोटी नाही. म्हणूनच नाजी आपल्या मुलांना माहीत असले पाहिजेत. व्यंगचित्राचे खरे काम दुबळ्याला डिवचणे नसून बलवानाला जाब विचारणे आहे, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहून कळते.

आणखी एक गोष्ट आम्हाला अवघड वाटते, पण सांगितली पाहिजे. परक्याचा जुलूम दाखवणाऱ्या चित्राला आपण लगेच दाद देतो. तेच चित्र आपल्या मोहल्ल्यातल्या, आपल्या संस्थेतल्या, आपल्या पुढाऱ्याच्या चुकीवर बोट ठेवते, तेव्हा आपण चित्रकाराला गद्दार ठरवतो. नाजींना सर्वांत एकटे पाडले ते याच सवयीने. आपल्या माणसाला त्याच्या तोंडावर खरे सांगणे हेही इमानदारीचेच काम आहे.

पुढच्या वेळी घरातल्या मुलाने विचारले, "हा तोंड का दाखवत नाही?" तर त्याला जवळ घेऊन सांगावे, "बेटा, तो अजून घरी पोहोचलेला नाही. घरी पोहोचला की, आपल्याकडे वळेल."