तारेतून सूर जात नाही

इंदापूर तालुक्यातलं शेळगाव असो, अंथुर्णे असो की निमगाव केतकी; लग्नसराईत नवरदेवाचा परण्या मारुतीच्या देवळाकडे निघाला की पुढे बहुधा बेंजो पार्टी असते. एका चालीत बेंजो सनईसारखा लांब, नाकातला सूर धरतो. कोळीगीत आलं की तोच खणखणीत वाजतो. आणि पोरांनी रुमाल दातांत धरून नागिणीचा नाच सुरू केला की त्याची पुंगी होते. वाद्य एकच, वाजवणारा एकच. बदलतो तो वादकाच्या पायाशी ठेवलेल्या डब्यातला हिशोब. तो डबा म्हणजे मुळात गिटारसाठी बनवलेला डिजिटल इफेक्ट्स प्रोसेसर.

विजेच्या वाद्यातून पुंगी काढण्याची युक्ती तशी जुनीच. १९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटात गाजलेली पुंगी गारुड्याची नव्हती. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती. आपला बेंजोही असाच फिरून आलेला. जपानच्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये तैशोगोतो हे टाइपरायटरसारख्या कळांचं तंतुवाद्य बनवलं. भारतात ते बुलबुलतरंग झालं, पुढे त्याला पिकअप बसला आणि ते स्पीकरवर गरजू लागलं. वाजवताना डावा हात कळांवर आणि उजवा तारा छेडण्यात गुंतलेला. टोन बदलायला उरतो तो पाय.

प्रोसेसर करतो काय? पिकअपमधून आलेल्या विजेच्या चढउताराचं मोजमाप तो सेकंदाला साधारण ४४,१०० किंवा ४८,००० वेळा घेतो. दर मोजमापाचा एक आकडा होतो. इथून पुढे सगळं गणित. आकडा ठरावीक मर्यादेबाहेर गेला की तिथेच छाटायचा, असा नियम लावला तर लहरीचं टोक सपाट होतं, सुरात नवे उपस्वर मिसळतात आणि आवाज फाटतो. यालाच वादक डिस्टॉर्शन म्हणतात. आकडे साठवून ठेवले आणि अर्ध्या सेकंदाने पुन्हा मिसळले की प्रतिध्वनी मिळतो; ४८,००० च्या वेगात त्या अर्ध्या सेकंदासाठी २४,००० आकडे लक्षात ठेवावे लागतात. ठरावीक पट्टीतली कंपनं उठवून बाकीची दाबली की सुराला नाकातला बाज येतो. यातली कोणती क्रिया आधी, कोणती नंतर, कोणती किती, याची साठवलेली यादी म्हणजे प्रीसेट. पुंगीचा प्रीसेट म्हणजे पुंगीचं रेकॉर्डिंग नव्हे, ती तयार करायची कृती आहे.

अशा पाचपंचवीस कृती डब्यात भरल्या, तरी ऐन वरातीत हवी ती सापडणं वेगळं. स्वस्त प्रोसेसरला बहुतेक दोनच पायकळा असतात, एक पुढे जायची आणि एक मागे यायची. तिसऱ्यावरून अकराव्यावर जायचं तर आठ वेळा पाय मारायचा, आणि मधला प्रत्येक टोन लोकांना ऐकवायचा. याला उपाय म्हणजे मिडी. बाहेरून एक छोटा संदेश पाठवायचा आणि प्रोसेसरला थेट अकरावा प्रीसेट लावायला सांगायचं.

मिडीचा जन्म कंपन्यांच्या भाऊबंदकीतून झाला. १९८० च्या आसपास प्रत्येक सिंथेसायझर कंपनीची जोडणी वेगळी होती. एकीचं वाद्य दुसरीच्या वाद्याशी बोलत नसे. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि चेट वूड यांनी १९८१ मध्ये सामायिक जोडणीचा प्रस्ताव मांडला. जपानी रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनीही त्यासाठी जोर लावला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात स्मिथ यांच्या कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एकाच तारेने जोडले गेले. दोन प्रतिस्पर्ध्यांची वाद्यं एकमेकांचं ऐकू लागली. या कामासाठी २०१३ मध्ये स्मिथ आणि काकेहाशी यांना तांत्रिक ग्रॅमी मिळालं.

या तारेतून आवाज जातच नाही. जातात फक्त आकडे. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात रुळलेला ऑक्टोपॅड हा याचा उत्तम पुरावा. रोलँडने १९८५ मध्ये आणलेल्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता. काठी कुठे पडली, किती जोरात पडली, एवढंच तो मिडीतून कळवायचा. वाजायचं ते दुसऱ्या यंत्राने.

प्रीसेट बदलायचा संदेश तर आणखी आटोपशीर. पहिल्या चॅनेलवरच्या प्रोसेसरला पाचवा प्रीसेट लावायचा असेल तर तारेतून दोनच आकडे जातात: १९२ आणि ४. यंत्राच्या भाषेत ११०००००० आणि ०००००१००. पहिल्या आकड्याची सुरुवात १ ने होते, म्हणजे हा हुकूम. त्यातल्या ११०० चा अर्थ ‘प्रोग्रॅम बदला’ आणि उरलेल्या चार बिटांत चॅनेलचा क्रमांक. म्हणून चॅनेल सोळाच. दुसऱ्याची सुरुवात ० ने, म्हणजे ही हुकमाची किंमत. उरलेल्या सात बिटांत ० ते १२७ असे १२८ आकडे बसतात. मोजणी शून्यापासून, म्हणून पाचव्यासाठी ४. काही कंपन्या डब्यावर १ पासून क्रमांक छापतात, काही ० पासून, काही ‘१ए, १बी’ असे गट पाडतात. टोन हटकून शेजारचाच लागत असेल तर बिघाड शोधत बसू नये, एकाचा फरक तपासावा. १२८ हून अधिक प्रीसेट असतील तर आधी बँक, म्हणजे प्रीसेटांचा गट, निवडायचा संदेश पाठवावा लागतो.

वेग किती? सेकंदाला ३१,२५० बिट. प्रत्येक आकड्याच्या आठ बिटांना आरंभाचा आणि शेवटचा असे दोन बिट जोडले जातात, म्हणून एका आकड्याला ३२० मायक्रोसेकंद आणि आपल्या दोन आकड्यांच्या हुकमाला ६४० मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेतून आवाज जेमतेम २२ सेंटिमीटर पुढे सरकतो. टोन बदलताना मध्येच कानाला खड्डा जाणवला, तर दोष तारेचा नसतो. जुनी कृती टाकून नवी मांडायला प्रोसेसरला वेळ लागतो, आणि त्या गडबडीत आधीच्या सुराचा प्रतिध्वनीही तुटतो. म्हणून नव्या पिढीतल्या मोठ्या प्रोसेसरांत एकाच प्रीसेटच्या आत वेगवेगळे ‘सीन’ ठेवायची सोय असते. कृती तीच राहते, फक्त प्रमाणं बदलतात, आणि आवाज अखंड राहतो.

आता क्रमांकाचा अर्थ कोण ठरवतो ते पाहू. १९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ नावाची यादी ठरली. तीत १२८ वाद्यांना क्रमांक दिले गेले: ७४ वर बासरी, १०५ वर सतार, १०६ वर बँजो (हा अमेरिकी, आपला नव्हे) आणि ११२ वर चक्क शहनाई. ही यादी पाळणाऱ्या कीबोर्डला ११२ क्रमांकाचा हुकूम गेला की सनई वाजते. तोच हुकूम गिटार प्रोसेसरकडे गेला तर? तिथे ११२ क्रमांकावर मालकाने जे साठवलं असेल ते लागतं. बाजार समितीत गाळ्याचा नंबर सांगितला म्हणून आत कांदा आहे की डाळिंब ते कळत नाही, त्यातलाच हा प्रकार.

वरातीतला एक नेहमीचा घोळ यातूनच होतो. कीबोर्डवाला बासरीचा टोन लावतो आणि त्याच क्षणी बेंजोची पुंगी गायब होते. कीबोर्डने आपला बदल पहिल्या चॅनेलवर बाहेरही कळवलेला असतो. प्रोसेसर त्याच चॅनेलवर, किंवा सगळीच चॅनेल ऐकणाऱ्या ‘ऑम्नी’ अवस्थेत असतो, आणि दुसऱ्यासाठी नसलेला हुकूमही तो इमानाने पाळतो. ऑम्नी बंद करून प्रोसेसर दुसऱ्या चॅनेलवर ठेवला की कीबोर्डने काहीही बदललं तरी बेंजोला धक्का लागत नाही. मग हवा तेव्हाच, आणि हवा तोच, बदल पाठवता येतो. बऱ्याच ऑक्टोपॅडमध्ये पॅच, म्हणजे त्याचा स्वतःचा प्रीसेट, बदलताच असा हुकूम जाण्याची सोय असते. ताल बदलणाऱ्याच्या एका टिपरीसरशी बेंजोचा टोनही बदलतो आणि बेंजोवाल्याला खाली बघावंही लागत नाही.

टेम्पोवरच्या जनरेटरचा विचार करता मिडीच्या जुन्या पाच पिनांच्या जोडणीत आणखी एक शहाणपण दडलंय. दोन यंत्रं तारेने जोडली आणि दोघांचं अर्थिंग वेगळ्या वाटेने गेलं की स्पीकरमध्ये घूंऽऽ सुरू होते. मिडीच्या ‘इन’ जागी म्हणून ऑप्टो-आयसोलेटर बसवलेला असतो. आलेली वीज त्यात एक इवला दिवा उघडझाप करवते आणि समोरचा प्रकाश-संवेदक ती उघडझाप वाचतो. संदेश पार होतो, पण दोन यंत्रांचा विजेचा संबंध जुळत नाही. साध्या यूएसबी तारेत ही सोय नसते. शिवाय यूएसबीत एका टोकाला कारभारी, म्हणजे होस्ट, लागतोच. कीबोर्ड आणि प्रोसेसर दोघांचंही यूएसबी संगणकाला जोडण्यापुरतं बनवलेलं असेल, तर दोघांना एका तारेने जोडून काहीच घडत नाही. मध्ये मोबाइल, संगणक किंवा होस्टचं काम करणारी डबी हवी.

प्रीसेट बदलणं हा मिडीचा एकच उपयोग. ‘कंट्रोल चेंज’ या तीन आकड्यांच्या संदेशाने आवाजाची पातळी किंवा वाहचं पॅडल चालू सुरातच हलवता येतं. ‘क्लॉक’ संदेश दर मात्रेला २४ वेळा जातो आणि प्रतिध्वनीला तालात बांधतो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. लय १३० वर गेली की ती ४६२ च्या आसपास येते. प्रतिध्वनी ५०० वरच राहिला तर तो तालाच्या मागे रेंगाळतो. कीबोर्डचा तयार ताल चालू असेल तर हा हिशोब क्लॉक आपोआप सांभाळतो. हलगीवाला हाताने लय चढवत असेल तेव्हा मात्र कोणतंच क्लॉक कामाचं नाही.

२०२० मध्ये मिडी २.० जाहीर झालं. पॅडलच्या १२८ पायऱ्यांऐवजी त्यात ३२ बिटांच्या, म्हणजे ४२९ कोटींहून जास्त पायऱ्या आहेत. जुनी यंत्रं मात्र बाद झालेली नाहीत. आवाज कसा असावा यात मिडीने पहिल्यापासून तोंड घातलं नाही, त्यामुळे आवाज बदलत गेले तरी करार टिकला. सनई कशी वाजावी हे त्यात लिहिलेलं नाही, म्हणून सिंथेसायझरसाठी केलेला नियम जपानी वंशाच्या बेंजोलाही चालतो.

नवा प्रोसेसर घेणाऱ्याने जाहिरातीतल्या प्रीसेटांच्या संख्येला भुलू नये. मॅन्युअलच्या शेवटी ‘मिडी इम्प्लिमेंटेशन चार्ट’ असतो, तो आधी पाहावा. त्यात ‘प्रोग्रॅम चेंज’च्या ओळीत ‘रेकग्नाइज्ड’च्या रकान्यात गोल असेल तर डबा बाहेरचा हुकूम ऐकतो, फुली असेल तर प्रत्येक बदलाला पायच मारावा लागणार. आणि गोल असेल तर पार्टीने सुपाऱ्या सुरू होण्याआधी एकत्र बसून कोणत्या क्रमांकाला कोणता टोन, कोणत्या चॅनेलवर कोण, हे एका कागदावर मांडावं. तारेचा करार १९८३ मध्येच झाला आहे. क्रमांकांचा ज्याचा त्याने करायचा.