भुकटींतून पोलाद

धातूची वस्तु करावयाची म्हणजे प्रथम धातु वितळविलाच पाहिजे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. दिल्लींतील मेहरौलीचा लोहस्तंभ ही समजूत खोटी ठरवितो. सुमारें १६०० वर्षांपूर्वींचा, सहा टनांहून अधिक वजनाचा हा स्तंभ. पण त्याचें लोखंड ओतलेलें नाहीं. तापविलेले लोखंडाचे गोळे एकमेकांवर ठोकून कारागिरांनीं तो एकजीव केला. न वितळवितां, उष्णता व दाब यांच्या साह्यानें धातु सांधावयाचा, हेंच तत्त्व आजची चूर्णधातुविद्या वापरते.

मोटारींतील एखाद्या दांतेरी चाकाचें उदाहरण घेऊं. लोखंडाची रव्याहूनहि बारीक भुकटी पोलादी सांच्यांत भरतात आणि वरून-खालून दट्ट्यांनीं दाबतात. दर चौरस सेंटिमीटरवर हा दाब ४ ते ७ टनांचा असतो. कण चेपून एकमेकांत अडकतात व चाकाचा आकार उभा राहतो. मात्र तो रव्याच्या लाडवाइतकाच ठिसूळ! त्याला बळकटी येते ती भट्टींत. लोखंड १५३८ अंश सेंटिग्रेडला वितळतें. येथें उष्णता ठेवतात ११२० अंशांच्या आसपास. हवेनें धातु खराब होऊं नये म्हणून भट्टींत नायट्रोजन व हायड्रोजन यांचें मिश्रण खेळवितात. सुमारें अर्ध्या तासांत एका कणांतील अणु शेजारच्या कणांत शिरतात आणि कण जोडले जातात. चाक जवळजवळ तयारच बाहेर येतें. कातकामांत फुकट जाणारा कीस वांचतो.

पण एक उणीव राहते. अशा चाकाचा सुमारें दहावा हिस्सा पोकळच असतो. कांशाच्या बेअरिंगांत ही पोकळी उपकारक ठरते, कारण तिच्यांत तेल सांठवितां येतें. भार सोसणाऱ्या पोलादांत मात्र तडा जाण्याचा आरंभ बहुधा अशाच छिद्रापासून होतो. दाब आणखी वाढवावा, तर सांच्याच्या भिंतीशीं होणारें घर्षण तो आंतपर्यंत सारखा पोहोंचूं देत नाहीं. आणि फारच वाढविला तर सांचाच फुटतो.

यावर तोड निघाली ती चोहोंकडून दाब देण्याची. १९५५ मध्यें अमेरिकेंतील कोलंबस येथील बॅटेल संस्थेंत अणुभट्टीच्या इंधनावर धातूचें वेष्टण चढविण्यासाठीं ही पद्धति निघाली. १९७० च्या सुमारास स्वीडनमध्यें ती हत्यारांच्या पोलादाला लावण्यांत आली. ओतीव लगडींत पोलाद सावकाश थिजतें. त्यामुळें त्यांतील कठीण कार्बाइडें ठिकठिकाणीं गोळा होतात आणि हत्यार तेथेंच मोडण्याचा संभव असतो. उलट, वितळलेल्या पोलादाच्या धारेवर वायूचा जोरदार झोत सोडला कीं तिचे थेंब होऊन तत्क्षणीं गोठतात. कार्बाइडांना गोळा होण्यास अवसरच मिळत नाहीं. ही भुकटी पत्र्याच्या डब्यांत भरून, आंतील हवा काढून, डब्याचें तोंड बंद करतात. मग सुमारें ११५० अंश उष्णतेंत त्याच्यावर आर्गॉन वायूचा, वातावरणाच्या हजारपट दाब देतात. डबा सर्व बाजूंनीं आक्रसतो आणि आंतील पोकळी जवळजवळ नाहींशी होते.

ही रीत महाग आहे. घरच्या विळीसाठीं ती कोणी वापरणार नाहीं. परंतु जेथें एका बारीक तड्यानें मोलाचें यंत्र बंद पडतें, तेथें हा खर्च भरून निघतो. अशा ठिकाणीं पोलादाची परीक्षा करणारा हेंहि पाहतो: त्याच्या पोटांत पोकळी किती उरली आहे.