सांडपाण्याचा परतीचा प्रवास

मुलांनो, तुम्ही रोज आंघोळ करता, हातपाय धुता. ते पाणी मोरीतून निघून जाते. पुढे ते कोठे जाते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

संयुक्त अरब अमिरात हा वाळवंटी देश आहे. तेथे अनेक मराठी कुटुंबेही राहतात. या देशात बारमाही नदी नाही. वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे सुमारे अर्धी वीत! म्हणून तेथे समुद्राचे खारे पाणी गोडे करून वापरतात. त्यासाठी खूप इंधन आणि पैसा लागतो. मग असे मोलाचे पाणी एकदाच वापरून कसे फेकून द्यायचे?

दुबई शहराच्या कडेला अल् अवीर येथे सांडपाणी शुद्ध करण्याचे मोठे केंद्र आहे. अशा केंद्रात काय काय करतात, ते पाहू या.

सांडपाणी प्रथम लोखंडी जाळ्यांतून जाते. चिंध्या, कागद, प्लॅस्टिक जाळीला अडकतात. मग पाण्याचा वेग कमी करतात, तेव्हा वाळू तळाशी बसते. पुढे पाणी मोठ्या हौदात संथ ठेवतात. तेथे गाळ खाली बसतो आणि तेल वर तरंगते. दोन्ही काढून टाकतात.

आता पाणी स्वच्छ झाले का? नाही. त्यात विरघळलेली घाण उरतेच. ती कोण काढते? डोळ्यांना न दिसणारे जीवाणू! घाण हेच त्यांचे अन्न. त्यांना जगायला हवा लागते, म्हणून हौदात सतत हवा सोडतात. जीवाणू घाण खातात, वाढतात आणि पुढच्या हौदात तळाशी बसतात. वरचे पाणी वाळूतून गाळतात. शेवटी रोगजंतू मारण्यासाठी त्यात क्लोरीन घालतात.

हे पाणी पीत नाहीत. ते बागांना आणि रस्त्याकडेच्या खजुरांच्या झाडांना देतात. अल् अवीरजवळ वर्सान येथे अशा पाण्याची तळीही झाली आहेत. तेथे पाणपक्षी येतात. वाळवंटात पाणपक्षी! आहे की नाही नवल?

पण काळजी घेतली नाही तर काय होते, तेही ऐका. दुबईत नव्या वस्त्या झपाट्याने वाढल्या. पुष्कळ वस्त्यांत सांडपाण्याचे नळ पोहोचले नव्हते. घराखालच्या टाकीतले सांडपाणी टँकरने अल् अवीरला न्यावे लागे. तेथे टँकरांची लांबच लांब रांग लागे. चालकांना तासन्‌तास थांबावे लागे. २००८ साली काही चालकांनी कंटाळून ते पाणी पावसाच्या गटारांत ओतले. गटारे समुद्राला मिळत होती. समुद्रकिनारा घाण झाला. लोकांना तेथे पोहणे बंद करावे लागले. पुढे जेबेल अली येथे दुसरे मोठे केंद्र सुरू झाले आणि रांगांचा त्रास कमी झाला.

मुलांनो, आपल्याकडे पाऊस भरपूर पडतो, तरी उन्हाळ्यात कितीतरी गावांना टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून मोरीत तेल, प्लॅस्टिक टाकू नका. भाजी धुतलेले पाणी झाडांना घाला. पाण्याला परत येण्याची वाट आपणच करून द्यायची असते.

स्वाध्याय
१. अमिरातीत वापरलेले पाणीही मोलाचे का आहे?
२. हौदात हवा का सोडतात?
३. तुमच्या घरचे सांडपाणी कोठे जाते? मोठ्यांना विचारून पाच वाक्ये लिहा.