ज्या इंजिनाला मागे सीलच नव्हतं

जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरचं इंजिन हौसेनं नव्यानं बांधून घ्यावं, रिबोअर, नवे पिस्टन, नव्या रिंगा, क्रँक ग्राइंड असं सगळं यथासांग करावं, आणि पहिल्याच आठवड्यात पार्किंगच्या फरशीवर, बरोबर क्लचच्या खाली, ऑइलचा डाग दिसावा. मेकॅनिक वाकून पाहतो आणि निदान सांगून मोकळा होतो : "मागचं सील गेलं साहेब, इंजिन उतरवावं लागेल." हे वाक्य मालकाला काही हजारांना पडतं. गंमत अशी की 1489 सीसीच्या त्या पेट्रोल इंजिनाला मागे रबरी सील कंपनीनं दिलेलंच नाही. जे नाही ते जाईल कसं?

हे इंजिन बीएमसीच्या बी-सिरीज घराण्यातलं. ऑस्टिन आणि मॉरिस या एकेकाळच्या हाडवैरी कंपन्या 1952 साली एकत्र आल्या आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन जन्माला आली. पाठोपाठ हे इंजिन आलं आणि बघता बघता एमजी मॅग्नेट, ऑस्टिन केंब्रिज, 1955 ची एमजीए अशा गाड्यांत बसलं. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सनं मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून अ‍ॅम्बॅसॅडर काढली, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला. सुरुवातीला तिच्यात साइड व्हॉल्व्हचं जुनं इंजिन होतं. 1959 च्या सुमारास हे ओव्हरहेड व्हॉल्व्हचं 1489 सीसी आलं आणि इसुझूचं इंजिन येईपर्यंत मंत्र्यासंत्र्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळ्यांना त्यानं वाहून नेलं. तिकडे इंग्लंडात याच इंजिनाचा बोअर वाढवत वाढवत 1798 सीसी केला आणि एमजीबीत बसवला. स्ट्रोक मात्र दोन्हीकडे तोच, 88.9 मिलिमीटर. घराणं एकच, म्हणून पुण्यातल्या अ‍ॅम्बॅसॅडरवाल्याचं आणि इंग्लंडमधल्या एमजीवाल्याचं दुखणं एकच असतं.

सील नाही, मग ऑइल अडतं कसं? क्रँकच्या मागच्या टोकाला, शेवटच्या मेन बेअरिंगच्या पलीकडे, एक चकती असते. ती ऑइल बाहेरच्या बाजूला भिरकावते. तिच्याही मागे क्रँकवर आटे कापलेले असतात. क्रँक फिरला की क्लचकडे सरकू पाहणाऱ्या ऑइलला हे आटे उलट इंजिनाखालच्या ऑइल चेंबरकडे रेटतात. आट्यांभोवती दोन अर्धगोल असतात, एक वर आणि एक खाली. आटे त्यांना टेकत नाहीत. मध्ये जेमतेम तीन-चार थाऊ, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट, फट असते. घासणारं काही नाही, झिजणारं रबर नाही. कल्पना म्हणून ही सुंदर आहे, आणि चालू इंजिनात ती कामही चोख करते.

पण इंजिन थांबलं की आटेही थांबतात. त्या वेळी बेअरिंगवर असलेलं थोडं ऑइल फटीतून निसटणारच, आणि गाडी तोंड वर करून चढावर लावली असेल तर अधिकच. हे इंजिनियरांना पक्कं ठाऊक होतं. पुरावा बेल हाउसिंगच्या बुडाशी आहे. तिथं एक भोक असतं आणि त्यात सैल सोडलेली एक स्प्लिट पिन. गाडीच्या हादऱ्यानं पिन हलत राहते, भोक चिखलानं बुजत नाही आणि आत आलेलं ऑइल क्लच प्लेटवर न चढता खाली ठिबकतं. जिथं गळती होणारच, तिथं गळतीला वाट करून देणाऱ्या त्या अनामिक ड्राफ्ट्समनला माझा सलाम. आपल्याकडे कित्येक गाड्यांत गळती थांबवायची म्हणून कुणीतरी हेच भोक एम-सीलनं बुजवलेलं सापडतं. मग क्लच घसरायला लागतो.

आता मूळ प्रश्न. जुनं झिजलेलं इंजिन गळत नव्हतं, मग बांधल्यावर का गळतं?

एक कारण त्या फटीतच आहे. मेन बेअरिंग झिजतात तसा क्रँक खाली बसतो आणि आटे खालच्या अर्धगोलाला घासून तो खरवडतात. नवे बेअरिंग घातले की क्रँक परत मध्यावर येतो, पण खरवडलेली फट तशीच रुंद राहते. उलट प्रकारही होतो : लाइन बोअर करताना क्रँकचा मध्य किंचित वर सरकला, की वर घासाघीस आणि खाली मोकळं रान. मशीन शॉपमध्ये जर्नल मायक्रोमीटरनं मोजले जातात, बोअर मोजला जातो, ही फट मात्र मोजलीच जात नाही. तिला मोजायला फीलर गेज पुरे, पण इंजिन उलटं टांगलेलं असतानाच.

दुसरं कारण अधिक नेहमीचं, आणि त्यासाठी इंजिन उतरवायची गरज नाही. नव्या रिंगा बसेपर्यंत ज्वलनाचा गॅस पिस्टनच्या बाजूनं खाली उतरतो. गॅरेजच्या बोलीत 'बॅक कॉम्प्रेशन'. त्याला बाहेर पडायला वरच्या टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारी नळी आणि ब्लॉकच्या बाजूच्या झाकणावरून खाली उतरणारा ब्रीदर पाइप असतो. पाइप वर्षानुवर्षांच्या काजळीनं तुंबलेला, रंगकामात चेपलेला किंवा जोडायचाच राहिलेला असेल, तर चेंबरमध्ये दाब साठतो. तीन-चार थाऊंच्या फटीतल्या आट्यांचं त्या दाबापुढे काही चालत नाही. नवं इंजिन तासन् तास नुसतं आयडलवर ठेवलं, तर रिंगा बसायच्या ऐवजी बोअर गुळगुळीत होतो आणि हा त्रास कायमचा घरी येतो. रिंगा बसतात त्या लोडवर.

म्हणून आधी पाहावं ते हे : ऑइल गाडी चालताना येतं की थांबल्यावर? लांबच्या फेरीनंतर बुड माखलेलं असेल तर संशय दाबावर. रात्रभरात दोन-चार थेंब असतील तर तो त्या इंजिनाचा स्वभाव.

तिसरी शक्यता अशी की ऑइल मागून आलेलंच नाही. वाऱ्यानं ते मागे वाहतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला, म्हणजे बेल हाउसिंगला, लटकतं. इंजिन आधी केरोसीननं धुवावं, कोरडं करावं, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणून टॉर्च मारावा. पावडरीवर ओघळाचा उगम स्पष्ट दिसतो. पुष्कळदा तो निघतो बाजूच्या दोन टॅपेट झाकणांत. प्रत्येकाला मध्यभागी एकच बोल्ट आणि आत कॉर्कचं पॅकिंग. गळतं म्हणून बोल्ट आवळला की पत्रा मध्ये दबतो, कडा उचलल्या जातात आणि आणखी गळतं. मग आणखी आवळायचं! खरा उपाय म्हणजे झाकण काढून, सपाट काचेवर ठेवून, कडा हातोडीनं हलकेच ठोकून सरळ करणं. ऑइल प्रेशरच्या पाइपचं ब्लॉकच्या मागच्या अंगाचं जोडणं, चेंबरच्या टोकांच्या कॉर्कच्या पट्ट्या आणि बॅकप्लेटमागचा ऑइल गॅलरीचा प्लग हे पुढचे संशयित. प्लग गळत असेल तर मात्र इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नाही, कारण तिथं ऑइल पूर्ण दाबाखाली असतं.

इंग्लंडात 1964 च्या अखेरीस एमजीबीला पाच बेअरिंगचा क्रँक मिळाला आणि त्यासोबत मागे खरं रबरी सील आलं. तिथल्या गळतीत 'सील गेलं' हे निदान निदान शक्य तरी आहे. पण तिथंही नुसतं सील बदलून भागत नाही; जुन्या सीलनं क्रँकवर चर पाडलेली असते. नवं सील त्याच जागी ठोकलं तर ते त्याच चरीत बसतं. ते मिलिमीटरभर आत-बाहेर बसवावं, नाहीतर क्रँकवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवावी. अ‍ॅम्बॅसॅडरसारख्या तीन बेअरिंगच्या इंजिनांनाही मागाहून सील बसवायची किट परदेशात मिळतात. मूळ इंजिनावर मशीनकाम करून ती बसवावीत असं मला वाटत नाही. फट नीट आणि ब्रीदर मोकळा असेल तर त्यांची गरज पडत नाही.

तेव्हा अ‍ॅम्बॅसॅडरचं इंजिन बांधायला टाकणार असाल, तर मशीन शॉपला आधीच बजावा : मागच्या आट्यांभोवतीची फट वर-खाली मोजून आकडा बिलावर लिहून द्या. आणि बांधलेलं इंजिन गळतंय म्हणून कुणी परत उतरवायला सांगितलं, तर त्याआधी ब्रीदर पाइप स्वतः काढून त्यातून फुंकून पाहा.