मोठ्या लेकरालाही घर हवं असतं

आम्ही पनवेलजवळच्या करंजाड्याहून बोलतोय. आमचं घर ख्रिस्ती. नाताळ आला की आमच्याकडेही करंज्या-शंकरपाळ्या होतात आणि घरात गव्हाणी मांडली जाते. यंदा गव्हाणीतली मेंढरं आमची सात वर्षांची लेक मांडतेय. ती पाच महिन्यांपूर्वी दत्तक आली. तिला घरी आणताना आम्हाला जे समजलं, ते तुम्हाला सांगायचंय.

पूर्वी ख्रिस्ती, मुसलमान, पारशी कुटुंबांना कायद्याने दत्तक घेता येत नसे. १९५६ चा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापुरता. आम्हाला १८९० च्या कायद्याखाली फक्त पालक होता यायचं. मूल सज्ञान झालं की ते पालकपण संपायचं. बाल न्याय कायदा २००० साली आला, २००६ मध्ये सुधारला, आणि वाट मोकळी झाली. आता २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. त्यात धर्माची आडकाठी नाही.

बालगृहातलं प्रत्येक मूल अनाथ नसतं. कित्येकांची आई किंवा वडील असतात, पण गरिबीने, आजारपणाने मूल तिथे आलेलं असतं. बालकल्याण समिती ज्याला दत्तकासाठी मोकळं जाहीर करते, तेच मूल दत्तक देता येतं. स्वतःहून मूल समितीच्या स्वाधीन करणाऱ्या आईलाही फेरविचाराला ६० दिवस मिळतात.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत आम्ही 'कारा' या सरकारी दत्तक प्राधिकरणाचा अर्ज भरायला बसलो. तो ऑनलाइन भरतात. 'मूल किती वयाचं हवं?' या प्रश्नावर आम्ही अडलो. नवराबायकोच्या वयाची बेरीज ८५ पर्यंत असेल, तर दोन वर्षांपर्यंतचं बाळ मागता येतं. आमची बेरीज ८१. बाळ मागता आलं असतं.

पण सगळेच तान्हं, निरोगी बाळ मागतात. त्या रांगेत आईबाप जास्त आणि बाळं कमी. उलट पाच-सात वर्षांची, आजारी किंवा अपंग मुलं मागे राहतात. कायदा सांगतो, आधी भारतीय कुटुंबाला विचारा. इथे कुणी पुढे आलं नाही, की मग परदेशी कुटुंबाला विचारतात. म्हणून परदेशी दत्तक जाणाऱ्यांत अशी मुलं बरीच असतात. त्यांना तिथे माया मिळते, हे चांगलंच. पण आपलं गाव, आपली भाषा सोडून त्या लेकराला समुद्रापार जावं लागतं, कारण इथे कुणी दार उघडलं नाही.

समोर गव्हाणी होती. योसेफाने येशूला आपलं मूल म्हणून वाढवलं. तुमच्या घरी यशोदेची गोष्ट सांगतात, तीही हेच सांगते. आम्ही अर्जात 'चार ते आठ वर्षं' लिहिलं.

मग समाजसेविका घरी येऊन गेल्या, कागदपत्रं झाली, थांबणं झालं. दत्तकाचा आदेश आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आमचा अलिबागहून आला. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी मुलीची चौकशी होणार आहे.

सोपं नव्हतं. सुरुवातीला ती उशीखाली चपाती लपवून ठेवायची. आम्ही रागावलो नाही. डबा तिच्या हाताला येईल असा ठेवला आणि कधीही घे म्हटलं. दोन महिन्यांनी लपवणं थांबलं. 'आई' म्हणायला तिला त्याहून जास्त दिवस लागले.

एक गोष्ट गटात जरूर सांगा. आम्ही थांबलो होतो, तेव्हा एका ओळखीच्या बाईने कानात सांगितलं, "एका दवाखान्यात बाळ आहे, पैसे द्या आणि घेऊन जा." आम्ही नाही म्हटलं. अशी देवघेव गुन्हा आहे, मूल विकणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय त्या बाळाची आई राजीखुशीने देतेय की नाही, कुणास ठाऊक.

टाकलेलं मूल सापडलं, तर घरी ठेवून घेऊ नका. १०९८ वर फोन करा, तो फुकट लागतो, किंवा पोलिसांना कळवा. २४ तासांच्या आत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. दत्तक घ्यायचं असेल, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा.

नाताळात, दिवाळीत आपण बालगृहात खाऊ वाटतो. वाटावाच. पण घरी परतताना, आपल्या घरात आणखी एक ताट मांडता येईल का, एवढा विचार नक्की करा.