जीएल-४ की जीएल-५? गिअरपेटी आणि डिफरन्शियल यांसाठी वंगणतेलाची निवड

इंजिनात कोणते तेल घालावे याविषयी आपले शेतकरी अलीकडे बरेच चोखंदळ झाले आहेत. गिअरपेटी आणि डिफरन्शियल यांच्या वाट्याला मात्र ही चिकित्सा क्वचितच येते. दुकानात जाऊन ‘नव्वद नंबर द्या’ एवढेच सांगितले जाते, मिळेल तो डबा घेतला जातो आणि पिकअप असो, मोटार असो वा ट्रॅक्टर, सर्वत्र तेच तेल ओतले जाते. वस्तुतः ‘नव्वद नंबर’ हे तेलाचे अर्धेच वर्णन आहे. ते तेलाचा दाटपणा सांगते. त्यात कोणती रसायने मिसळली आहेत, हे सांगत नाही. चुकीच्या तेलाचे नुकसान बहुतांशी या दुसऱ्या अर्ध्या भागातून होते.

हा दुसरा भाग डब्यावर ‘एपीआय जीएल-४’ किंवा ‘एपीआय जीएल-५’ असा छापलेला असतो. त्याचा अर्थ समजण्यासाठी प्रथम डिफरन्शियलकडे पाहावे लागेल. पिकअप, जीप यांसारख्या मागच्या चाकांना गती देणाऱ्या वाहनांत इंजिनाची शक्ती लांब दांड्याने मागच्या आसापर्यंत येते आणि तेथे पिनियन व क्राऊन यांच्याद्वारे काटकोनात वळते. यांतील बहुसंख्य वाहनांत पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यरेषेवर नसून तिच्या खाली असतो. या रचनेस हायपॉइड गिअर म्हणतात. तीत दात एकमेकांवर केवळ लोळत नाहीत, तर दाबाखाली लांबवर घसरतात. या घसरणीमुळे दातांमधील तेलाचा थर पुसला जातो. नाशिकहून कांदा भरलेला पिकअप कसारा घाटातून जाताना अशा दातांवर केवढा भार येत असेल, याची कल्पना करावी. केवळ तेल दाट असून तेथे भागत नाही. म्हणून जीएल-५ तेलात गंधक व स्फुरदयुक्त संयुगे भरपूर मिसळलेली असतात. दातांचा पृष्ठभाग तापताच ती पोलादाशी संयोग पावून एक पातळ थर निर्माण करतात. झिजतो तो हा थर, पोलाद वाचते.

गिअरपेटीची गरज याच्या जवळजवळ उलट आहे. आधुनिक गिअरपेटीत दोन गिअर जुळण्यापूर्वी त्यांचा वेग समान करणारी कडी असतात. त्यांस सिंक्रोनायझर म्हणतात. ही कडी पुष्कळ वाहनांत पितळेची असतात. गिअर टाकताना कडे शंकूवर दाबले जाते, मधले तेल बाजूस सारते आणि क्षणभर शंकूस धरून ठेवते. म्हणजे येथे थोडे घर्षण हवेच असते. जीएल-५ तेलाची निसरडी रसायने नेमके हेच घर्षण कमी करतात. कडे घसरते, वेग समान होत नाही आणि गिअर खरखरतो. शिवाय गंधकाची काही संयुगे तांबे व पितळ यांना गंजवतात. आजची तेले या बाबतीत पूर्वीपेक्षा सौम्य आहेत हे खरे. तथापि घसरण्याची अडचण त्यामुळे दूर होत नाही. जीएल-४ तेलात या रसायनांचे प्रमाण ढोबळमानाने निम्मे असते, म्हणून सिंक्रोनायझर असलेल्या गिअरपेटीसाठी उत्पादक सामान्यतः तेच सुचवतात.

दिल्लीत मुनिरका येथे वास्तव्यास असताना या चुकीचा प्रत्यय प्रस्तुत लेखकास स्वतःच्या मोटारीत आला. देखभालीनंतरच्या पहिल्याच जानेवारीत पहाटे दुसरा गिअर पडेना. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर पडे, पण खरखरून. क्लचपट्टी बदलण्याचा सल्ला मिळाला. भरलेल्या तेलाचा डबा शोधून पाहिला, तेव्हा ते ९० क्रमांकाचे जीएल-५ निघाले. पुस्तिकेत ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ असे लिहिलेले होते. तेल बदलल्यावर पहाटेचा त्रास थांबला, परंतु दुसऱ्या गिअरची खरखर पूर्णपणे गेली नाही. झिजलेले कडे तेलाने भरून येत नाही.

उलट बाजूची चूक अधिक महाग पडते. हायपॉइड डिफरन्शियलमध्ये जीएल-४ घालून जड वाहतूक केल्यास दातांवर ओरखडे उठून क्राऊन-पिनियनचा जोड थोड्या काळात निकामी होऊ शकतो. गिअरपेटीतील चूक हळूहळू छळते. येथे तेवढी सवड मिळत नाही. पुढच्या चाकांना गती देणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या मोटारींत हा प्रश्न उद्भवत नाही. त्यांत गिअरपेटी व डिफरन्शियल एकाच घरात असतात आणि शेवटचा जोड हायपॉइड नसतो, त्यामुळे एकच तेल दोघांस पुरते. काही डब्यांवर ‘जीएल-४/जीएल-५’ असे दोन्ही छापलेले असते. केवळ त्यावर विसंबणे मला सुरक्षित वाटत नाही. वाहनउत्पादकाने त्या तेलास नावानिशी मान्यता दिली असेल, तरच ते गिअरपेटीत घालावे.

आता दाटपणा. गिअर तेलाचे ९० आणि इंजिन तेलाचे ४० हे वेगवेगळ्या मापपट्ट्यांवरील आकडे आहेत. १०० अंश सेल्सिअसला गिअर तेल ९० ची श्यानता १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक या दरम्यान असते, तर इंजिन तेल ४० ची १२.५ ते १६.३. म्हणजे नव्वद नंबर हे चाळीसच्या दुप्पट दाट नव्हे, त्याच्या आसपासचेच आहे. ‘डब्ल्यू’ लागलेला आकडा थंडीतील वर्तन सांगतो. तो जितका लहान, तितके तेल गारठ्यात अधिक वाहते. १ जानेवारी २०२१ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत किमान तापमान १.१ अंश नोंदले गेले. तशा पहाटे केवळ ‘९०’ लिहिलेले तेल गिअरपेटीत जडपणे हलते आणि ७५डब्ल्यू-९० चा फरक हाताला जाणवतो. चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात प्रश्न पलीकडच्या टोकाचा असतो. भारवाहू पिकअपच्या मागच्या आसासाठी पुस्तिकेने ८५डब्ल्यू-१४० ची मुभा दिली असल्यास तेथे ती जरूर घ्यावी. मात्र ‘दाट तेल म्हणजे चांगले तेल’ या समजुतीने गिअरपेटीतही १४० घालू नये.

ट्रॅक्टरचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक लिफ्ट यांचे तेल सामाईक असते. त्यात तेलात बुडालेले ब्रेक असतील, तर ब्रेकच्या चकत्याही त्याच तेलात फिरतात. अशा ट्रॅक्टरास साधे नव्वद नंबर जीएल-५ चालत नाही: चकत्या घसरतात किंवा किंचाळतात, आणि थंडीत पंपाला दाट तेल ओढता न आल्याने लिफ्ट रेंगाळते. ब्रेक, हायड्रॉलिक व गिअर या तिन्हींसाठी बनवलेले, बाजारात ‘यूटीटीओ’ किंवा ‘वेट ब्रेक ऑइल’ म्हणून मिळणारे तेलच त्यांत घालावे. कोरड्या ब्रेकच्या जुन्या ट्रॅक्टरांसाठी पुस्तिकेत बहुधा वेगळे तेल दिलेले असते. शेजाऱ्याच्या नव्या ट्रॅक्टराचे अनुकरण तेथे उपयोगाचे नाही. पुस्तिका हरवली असल्यास बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेचे त्या प्रारूपाचे चाचणी अहवाल पाहावेत. शिफारस केलेले तेल व त्याची मात्रा त्यांत नमूद असते.

कोकणात आणि पूर्व विदर्भात चिखलणीनंतर तेल तपासणे अगत्याचे आहे. ते दुधाळ दिसल्यास पाणी शिरले असे समजावे व ठरलेल्या तासांची वाट न पाहता बदलावे. पिकअप, जीपच्या गिअरपेटीचे किंवा आसाचे तेल बदलताना वाहन सपाट जागी, थोडे चालवून गरम केलेले असावे. प्रथम भरण्याचा बोल्ट सैल होतो का ते पाहावे, मगच खालचा निचऱ्याचा बोल्ट काढावा. तेल काढून टाकल्यावर वरचा बोल्ट अडकल्याचे लक्षात आले, तर वाहन जागेवरून हलवता येत नाही. चुंबकीय बोल्टावर काळसर मलमासारखा गाळ आढळणे स्वाभाविक आहे, पण पोलादी कपचे सापडल्यास पेटी उघडून पाहावी. निचऱ्याच्या तेलात पिवळी चमक दिसली, तर ती बहुधा सिंक्रोनायझरच्या पितळेची असते. नवे तेल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंतच भरावे. त्याहून अधिक भरल्यास फेस होतो, सील गळू लागते आणि मागच्या आसातील तेल ब्रेकच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचते.