कांदा परतायचा किती वेळ?

फ्रान्सच्या आल्सास भागात कांद्याचा टार्ट करतात. मैदा-लोण्याच्या पारीत परतलेला कांदा, अंडी आणि क्रीम घालून तो ओव्हनमध्ये भाजतात. घरी करून पाहिला, तर आपला खरा वेळ कांदाच खातो. असे का? कांद्यात सुमारे ८९ टक्के पाणी असते. ते आटेपर्यंत कांद्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. त्यानंतर, १४० अंशांच्या आसपास, साखर आणि अमिनो आम्ले यांची अभिक्रिया वेग घेते आणि कांदा तपकिरी, खमंग होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी ही अभिक्रिया १९१२ मध्ये मांडली. पाककृतीतल्या ‘पाच मिनिटे परता’वर म्हणूनच आमचा विश्वास नाही! चिमूटभर सोड्याने रंग लवकर येतो खरा, पण कांद्याचा लगदा होतो. आणि अर्धकच्चा कांदा भरला, तर उरलेले पाणी पारीत मुरून तळ ओलाच राहतो.